लायसन्स आहे, बिल्ला नाही: २०३ तासांच्या वैमानिकाने पहिली नोकरी कशी निवडली

पार्श्वभूमी

मी पुण्यात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, परीक्षांसाठी नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर होतो. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिच्या परवानगीने लिहितोय, पण ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात, इथेही तेच चालवतो.

घर कऱ्हाडकडचं, उसाचं. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, वडील अण्णा शेती बघतात. धाकटीने बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं ते यासाठीच. प्रशिक्षणाला सगळं धरून बावन्न लाख लागले. त्यातले पस्तीस लाख राहतं घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, बारा वर्षांच्या मुदतीचं, हप्ता महिना ४२,८०० रुपये. सवलतीची मुदत कोर्स संपल्यावर सहा महिन्यांत संपणार होती.

मार्च २०२३ मध्ये तिच्या हातात कमर्शियल पायलट लायसन्स आलं. भारतात त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, तिचे भरले २०३. त्यातले पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले, १०६. मल्टी-इंजिनचे, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानावरचे, १५, तेही सगळे इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेले. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही न दिसता नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी, डिसेंबर २०२३ पर्यंत चालू.

लायसन्स आल्यावर अण्णा पेढे घेऊन क्लासवर आले. “सर, आता नोकरी आलीच म्हणायची ना?” मी त्यांना टाइप रेटिंग म्हणजे काय ते सांगायला लागलो. एअरबस वेगळं, बोइंग वेगळं, एटीआर वेगळं, प्रत्येकाचं स्वतंत्र प्रशिक्षण, स्वतंत्र शिक्का. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे लायसन्स आहे, पण बिल्ला नाही.” इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

अडचण

त्या वर्षीची हवा विचित्र होती. फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. वर्तमानपत्रं ‘वैमानिकांचा तुटवडा’ असे मथळे देत होती. मधल्या काळात, ३ मे २०२३ ला, गो फर्स्ट या एअरलाइनची उड्डाणं थांबली आणि एअरबसवर हजारो तास केलेले लोक एका रात्रीत बाजारात आले. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्स दिली, आदल्या वर्षी १,१६५ दिली होती. तुटवडा होता तो कॅप्टनांचा. दोनशे तासांच्या मुलांची रांग लांबतच चालली होती.

रांगेत नुसतं उभं राहायलाही पैसे लागतात. मेडिकल दरवर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी, आणि ते मल्टी-इंजिनवर करायचं तर विमानभाडं धरून दोन लाखांच्या घरात. शिवाय हात गंजतो. चार महिने उडलं नाही की पहिल्या लँडिंगलाच कळतं.

म्हणजे तिला नोकरी दोन कारणांसाठी हवी होती, हप्त्यासाठी आणि तासांसाठी. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असं काही समोर नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: आणखी पंधरा लाख घालून एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने करायचं आणि भरतीची वाट बघायची. तिच्या बॅचचा नाशिकचा एक मुलगा लगेच त्या वाटेने गेला. त्याच्या घरी बांधकामाचा व्यवसाय, पैशाची चिंता नव्हती.

दुसरा पर्याय मुंबईच्या एका चार्टर कंपनीचा. किंग एअर बी२०० वर सह-वैमानिक, टाइपचा खर्च कंपनीचा, पहिल्या वर्षी महिना पंचेचाळीस हजार. ऐकायला सगळ्यात भारी. टर्बोप्रॉप (टर्बाइनवर फिरणाऱ्या पंख्याचं विमान), दोन इंजिनं, मंत्री-उद्योगपतींची ने-आण.

तिसरा पर्याय: असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करून खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं. कोर्सचे साडेचार लाख स्वतःचे, मग महिना तीस हजार.

मालदीवच्या सी-प्लेनचा विषयही निघाला. कुणाच्या तरी मामेभावाने सांगितलेलं. तो दोन दिवसांत मिटला, कारण परदेशी माणसाला तिथे घेतात ते अनुभवासाठी, आणि तिच्याकडे तेवढंच नव्हतं.

निर्णय कसा झाला

‘फायदे-तोटे’ असे दोन रकाने करून ती आली होती. तिन्ही पर्यायांत फायदे पाच, तोटे पाच. मी तो कागद बाजूला ठेवला आणि तिला लॉगबुकाचं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीचं, कोरं पान काढायला सांगितलं. “दोन वर्षांनी, म्हणजे मध्य २०२५ ला, प्रत्येक वाटेवर तुझ्या लॉगबुकाची शेवटची ओळ कशी दिसेल ते लिही. एकूण, पीआयसी, को-पायलट, मल्टी, रात्र, इन्स्ट्रुमेंट. अंदाज चालेल, पण तो कशावरून केलास ते सांगायचं.”

याला आठवडा गेला, आणि सगळं प्रकरण या आठवड्यात फिरलं.

ए३२० ची ओळ सगळ्यात सोपी. टाइप रेटिंग होतं सिम्युलेटरवर, आणि सिम्युलेटर हे विमान नव्हे, त्यामुळे नोकरी लागेपर्यंत वाढ जवळपास शून्य. लागली तर मात्र वर्षाला सात-आठशे तास, जेटवर, दोन वैमानिकांच्या पद्धतीत. ‘लागली तर’ या दोन शब्दांची किंमत किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर हात चालू ठेवायचा खर्च वेगळा.

चार्टरच्या ओळीसाठी तिने तिथल्या एका को-पायलटला फोन केला. महिन्याला किती तास? “बारा. कधी वीस. आणि केटरिंग घेऊन येणं, बॅगा चढवणं, पॅसेंजरची वाट बघत धुळे विमानतळाच्या खोलीत सहा तास बसणं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते तूच सांग.” म्हणजे दोन वर्षांत तीनशे-साडेतीनशे.

पण त्या तीनशेतले मोजले किती जाणार? मला स्वतःलाही हे पुस्तक उघडून बघावं लागलं. बी२०० हे विमान मुळात एका वैमानिकावर चालवायला प्रमाणित आहे. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स १ चा (वैमानिक परवान्यांच्या नियमांचा) दंडक असा की अशा विमानात नियमापोटी दुसरा वैमानिक बसवला असेल, तर वरच्या परवान्यासाठी त्या सह-वैमानिकाचे निम्म्यापेक्षा जास्त तास एकूण तासांत धरायचे नाहीत. विमान सह-वैमानिकासाठी सज्ज असेल आणि खरोखर दोघांच्या कार्यपद्धतीने चालवलं जात असेल, तर ते पूर्ण धरायची मुभा नियामकाला आहे. म्हणजे उत्तर त्या कंपनीच्या मंजूर कार्यपद्धतीवर अवलंबून. तिने ईमेलवर विचारलं. उत्तर फोनवर आलं: “सगळे धरतात, काळजी करू नका.” लेखी द्या म्हटल्यावर विषय बाँडकडे वळला.

बाँड तिच्या चुलतभावाने वाचला, तो साताऱ्याला वकिली करतो. तीन वर्षांची बांधिलकी, वीस लाखांचे पुढच्या तारखांचे चेक. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मध्येच सोडलं तर रक्कम काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होणार नव्हती. अडीच वर्षांनी सोडलं तरी वीसच्या वीस लाख. आणि कंपनीने विमानच विकलं तर काय, याबद्दल अक्षर नव्हतं.

तिसऱ्या ओळीसाठी धाकटीने जे केलं ते मला सुचलं नव्हतं. स्कूलचा दावा होता की इन्स्ट्रक्टरला महिन्याला सत्तर तास मिळतात. ती सरळ एसटीने तिथे गेली, स्टँडजवळच्या लॉजवर दोन रात्री राहिली आणि सकाळी सहापासून धावपट्टीच्या कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसली. किती टेकऑफ, किती लँडिंग, कुठलं विमान. कागदावर सहा विमानं होती, उडत होती चार. इन्स्ट्रक्टर पाच. तिने भागाकार केला: चांगल्या महिन्यात पंचावन्न, पावसाळ्यात अठरा-वीस. टपरीवाल्याने वर सांगितलं, “मे महिन्यात दहानंतर कुणी उडत नाही ताई, इंजिन तापतं.” उन्हाळ्यात हवा विरळ होते, लहान विमानाची चढाई मंदावते. तोही हिशेबात धरावा लागला.

तरीही त्या ओळीत दोन वर्षांत सातशे तास येत होते आणि ते जवळजवळ सगळे पीआयसीच्या रकान्यात, कारण शिकवणाऱ्याचा तास त्याच्या नावावर पीआयसी म्हणून लागतो. मल्टीचा रकाना मात्र रिकामा. रात्र थोडी. इन्स्ट्रुमेंट नगण्य.

इथे एक कबूल करायला हवं. मी स्वतः इन्स्ट्रक्टर होतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे होता ते उघड आहे. तिने शिकवायचा निर्णय जाहीर केला तेव्हा मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तपासून बघायला हवं होतं.

पैशाचं गणित तरी जुळत नव्हतंच. तीस हजार येणार, ४२,८०० जाणार. अण्णा म्हणाले, कारखान्याच्या बिलातून वरचे भरू, पण बिलं वेळेवर आली तर. म्हणून तिने संध्याकाळी माझ्या क्लासच्या मुलांना ऑनलाइन मीटिऑरॉलॉजी शिकवायचं ठरलं, महिना बारा हजार. खड्डा कसाबसा भरला. कोर्सचे साडेचार लाख थोरल्या बहिणीने आणि मेव्हण्यांनी दिले.

पुढे काय झालं

कोर्स सप्टेंबर २०२३ ला सुरू झाला. एवढ्यात, ऑक्टोबरमध्ये, बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. धाकटीची संस्था वेगळी, पण आईने जेवण सोडलं. मग तिने सीएफआयकडे, म्हणजे संस्थेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरकडे, जाऊन चारही विमानांच्या देखभालीच्या नोंदी बघायला मागितल्या. सीएफआय जुन्या वळणाचे, चिडले. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला हँगरमध्ये घेऊन गेले आणि मेकॅनिकला म्हणाले, “हिला जे बघायचंय ते दाखव.” नंतर त्या माणसाकडूनच ती सगळ्यात जास्त शिकली.

डावीकडची सीट सोडून उजवीकडे बसायचं म्हणजे हात उलटे होतात. थ्रॉटल डाव्या हातात, योक (विमान वळवायचं हँडल) उजव्या. वर उडवता उडवता बोलायचं, ज्याला आम्ही पॅटर म्हणतो. जानेवारी २०२४ मध्ये टेस्ट झाली, फेब्रुवारीपासून शिकवायला लागली.

पहिल्या महिन्यात तिने मला फोन केला. “सर, विद्यार्थी चुकतोय हे मला दिसतं, पण हात कधी घालायचा ते कळत नाही. लवकर घातला तर तो शिकत नाही. उशिरा घातला तर...” पुढचं ती बोलली नाही. फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायच्या क्षणी, नाक जास्त वर उचललेलं, वेग पडतोय, स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल संपत आल्याचा इशारा) कुईकुई करतंय, आणि तुम्ही अजून दोन सेकंद थांबताय. या दोन सेकंदांचा रकाना लॉगबुकात नाही, पण निर्णयक्षमता त्यातच घडते असं माझं मत आहे. यावर माझ्याशी भांडणारे एअरलाइन कॅप्टन आहेत. त्यांचं म्हणणं, सातशे तास सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारणं म्हणजे एकच तास सातशे वेळा लिहिणं. अगदीच खोटं नाही ते.

चुकलेलं पाऊल

डिसेंबर २०२३ मध्ये इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत संपणार होती. कोर्स चालू, पगार नाही, हप्ते सुरू झालेले. तिने विचारलं, आत्ता करू की थांबू? मी म्हटलं, थांब, शिकवायला ते लागत नाही, पाचशे तास होऊ देत.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका एअरलाइनने कमी तासांच्या लायसन्सधारकांसाठी भरती काढली. अर्जाला दहा दिवस. अट: मल्टी-इंजिनवरचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू असलं पाहिजे. तिच्याकडे तेव्हा साडेचारशेच्या वर तास होते. भर पावसाळा, मल्टी-इंजिन विमानं असलेल्या दोन संस्थांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. खिडकी बंद झाली.

दोन लाख वाचवले आणि वर्ष गेलं. सल्ला माझा होता. ती कधी बोलून दाखवत नाही, त्यामुळे तो जास्त टोचतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेटिंग पुन्हा केलं, मल्टीच्या रकान्यात चार तास वाढले.

वेगळं काय करता आलं असतं

रेटिंगचं वर आलंच. आज कुणी विचारलं तर मी नूतनीकरणाची रक्कम पहिल्याच कर्जात धरायला सांगतो, निदान दोन वर्षांची. बँका प्रशिक्षणाच्या खर्चात ती सहसा धरत नाहीत, कारण कुणी मागतच नाही.

दुसरी गोष्ट चार्टरबद्दलची. ती कंपनी नाकारणं बरोबर होतं, पण आम्ही एक कंपनी नाकारून अख्खा पर्याय सोडून दिला. बॅचमधल्या एका मुलीने तेच काम दुसऱ्या एका कंपनीत घेतलं. बाँड महिन्यागणिक कमी होणारा, कार्यपद्धती दोन वैमानिकांची, तसं लेखी. तिचे दोन वर्षांत जेमतेम २६० तास झाले, पण खराब हवेत, रात्री, अनोळखी धावपट्ट्यांवर, वीस वर्षं उडलेल्या कॅप्टनशेजारी. इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात ती धाकटीच्या कितीतरी पुढे आहे. मुंबईत अशा कंपन्या आणखी होत्या. आम्ही फोन केले नाहीत.

नाशिकच्या मुलाचं काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर हे प्रकरण मी माझ्या सोयीने लिहिलं असं होईल. तो सोळा महिने घरी बसला. दोनदा सिम्युलेटरचे पैसे भरले. २०२४ च्या अखेरीस त्याला ए३२० वर घेतलं. एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्याची पाळी रुजू झाल्याच्या क्रमाने येते, आधी किती तास शिकवलंत याने नाही. त्या क्रमांकात तो धाकटीच्या वर्षभर पुढे आहे आणि बहुधा कायम राहील. त्याच्या घरी सोळा महिने झेपले. हिच्या घरी दुसरा हप्ता चुकला असता तर बँकेची नोटीस आली असती. त्यामुळे कुणाचा निर्णय शहाणपणाचा, हा प्रश्न मला बरोबर वाटत नाही. दोन घरांत किती महिने शिल्लक होते, एवढंच मी मोजू शकतो.

आणि संस्थेची निवड. तिने टपरीवर बसून जे मोजलं त्याला तेव्हा पर्याय नव्हता. २०२५ पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर करू लागलंय. ती जरूर बघावी. टपरीवरही बसावं.

सध्या

ऑगस्ट २०२५ अखेर तिचं लॉगबुक असं होतं: एकूण ९५५, पीआयसी ८३४, मल्टी १९. अंदाजापेक्षा थोडं जास्त, आणि मध्ये दोन विमानं सुट्या भागांसाठी सहा आठवडे उभी होती ते धरून.

सप्टेंबरमध्ये एटीआर ही पंख्याची प्रवासी विमानं चालवणाऱ्या एका एअरलाइनची लेखी परीक्षा आणि सिम्युलेटर चाचणी झाली. लेखी सोपी गेली, कारण मीटिऑरॉलॉजी ती रोज शिकवत होती. सिम्युलेटरवर घाम फुटला. आयएलएस ॲप्रोच, म्हणजे धावपट्टीकडच्या रेडिओ संकेतांवरून खाली येणं; ऑटोपायलट नाही, विमान कसं वळवायचं ते दाखवणारा फ्लाइट डायरेक्टर नाही, नुसत्या सुया. पहिला ॲप्रोच तिने अर्ध्यावर सोडून गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेली. दुसरा बसला. बाहेर आल्यावर तिची खात्री होती की संपलं. परीक्षकाने नंतर विचारलं, पहिल्यांदा का सोडलास? ती म्हणाली, “सुई परत मध्ये आणता आली असती, पण विद्यार्थ्याने तसं केलं असतं तर मी हात घातला असता.” याच उत्तरामुळे घेतलं का, माहीत नाही. घेतलं एवढं खरं. टाइप रेटिंगचा निम्मा खर्च कंपनीचा, बाँड दोन वर्षांचा, दर महिन्याला कमी होणारा. वकील भावाने पुन्हा वाचला.

आता तिचं लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवाशांच्या खऱ्या उड्डाणांवरचं प्रशिक्षण, चालू आहे. परवा तिने नव्या पानाचा फोटो पाठवला. को-पायलटच्या रकान्यात १ तास १० मिनिटं. पीआयसीच्या रकान्यात आडवी रेघ, आणि खालच्या बेरजेत ८३४ चे आता ८३४ च. तो आकडा पुढची काही वर्षं हलणार नाही.

अण्णांना तिने एटीआरचा शिक्का असलेलं लायसन्स दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, “बिल्ला छातीवर लावायचा नसतो का यात?”